विश्लेषण : कोटा, मते आणि लंडनमध्ये अडकलेले पौंड... ब्रेटन वुड्सला चिंतामणराव देशमुख नेमके काय मागायला गेले होते?

भीमेकाठच्या मांडवगण फराट्यात गाळपाचा हंगाम सुरू झाला की बोलणे उसाभोवती फिरते. तोड कधी येणार, उतारा किती लागला, एफआरपी एकरकमी मिळणार की तुकड्यातुकड्यांत, हे प्रश्न शिरूर तालुक्याच्या या टोकाला जसे आहेत तसेच नदीपलीकडच्या दौंडलाही आहेत. एफआरपी म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा उसाचा किमान दर. तो केंद्र सरकार ठरवते, हे गावात सगळ्यांना ठाऊक असते. पण या दराचा खटला जिनिव्हात चालला आणि भारत तो हरला, ही गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात नाही.

१४ डिसेंबर २०२१ रोजी जागतिक व्यापार संघटनेच्या तंटा मंडळाचा अहवाल आला. तक्रार ऑस्ट्रेलिया, ब्राझील आणि ग्वाटेमाला या साखर निर्यात करणाऱ्या देशांची होती. भारत उसाला नियमापेक्षा जास्त आधार देतो, असे त्यांचे म्हणणे. भारताने सांगितले की उसाचे पैसे सरकार देतच नाही, कारखाने देतात. मंडळाने ते मानले नाही. सरकारने दर बांधून दिला की तो आधारच, मग पैसे कोणाच्याही खिशातून जावोत. हा आधार मोजताना तुलनेसाठी जी किंमत धरतात ती १९८६ ते १९८८ या काळातली. मधल्या तीन दशकांत डिझेल, खत आणि तोडणीची मजुरी कुठल्या कुठे गेली, तरी मोजपट्टी जुनीच.

असे नियम कोण ठरवते आणि ते ठरताना आपल्या बाजूने कोण बसलेले असते? या प्रश्नाला ऐंशी वर्षे झाली. जगाच्या पैशाचे नियम पहिल्यांदा एकत्र बसून लिहिले गेले ते जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतल्या ब्रेटन वुड्स या गावी. तिथे भारताच्या पाच प्रतिनिधींत एक मराठी माणूस होता, चिंतामण द्वारकानाथ देशमुख. तेव्हा ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते आणि त्यांचा देश ब्रिटिशांच्या ताब्यात होता.

रायगडाच्या पायथ्यापासून केंब्रिजपर्यंत

देशमुखांचा जन्म १४ जानेवारी १८९६ चा, महाड तालुक्यातल्या नाते या गावचा. रायगड किल्ला इथून जवळ. वडील वकील होते आणि बालपण बरेचसे रोह्यात गेले. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत ते मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही मिळाली. पुढे केंब्रिजच्या जीझस कॉलेजात त्यांनी वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र घेतले आणि वनस्पतिशास्त्राचे बक्षीस मिळवले. अर्थशास्त्र हा त्यांचा पदवीचा विषय नव्हता, हे आज अनेकांना आश्चर्याचे वाटेल.

१९१८ मध्ये आयसीएसच्या परीक्षेतही ते पहिले आले. त्या सुमारास लोकमान्य टिळक लंडनमध्ये होते. सरकारी नोकरी धरावी की देशकार्यात पडावे, हा प्रश्न घेऊन देशमुख त्यांना भेटले आणि टिळकांनी कारभाराचा अनुभव घ्या, स्वराज्य आले की तो लागेल, अशा अर्थाचा सल्ला दिला, असे सांगतात. देशमुख नोकरीत शिरले. पुढची सुमारे वीस वर्षे त्यांनी मध्य प्रांत आणि वऱ्हाडात काढली. जिल्ह्याचा कारभार, जमिनीची बंदोबस्ताची मोजणी, मग प्रांताचे महसूल आणि वित्त खाते. शेतसारा कसा बसतो आणि वसूल कसा होतो, हे त्यांनी कागदाबाहेर पाहिले. १९३१ मध्ये रजेवर लंडनला असताना दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या कचेरीत त्यांनी काम केले. त्या परिषदेला गांधीजी आले होते. परिषद बोलावणारा कोण, कोणाला बोलवायचे हे ठरवणारा कोण, हे देशमुखांनी तिथे जवळून पाहिले असणार.

लंडनमध्ये भारताचे पैसे कसे साठले?

जुलै १९३९ मध्ये देशमुख रिझर्व्ह बँकेत आले. दोन महिन्यांत दुसरे महायुद्ध सुरू झाले. १९४१ च्या अखेरीस ते डेप्युटी गव्हर्नर झाले. फेब्रुवारी १९४३ मध्ये गव्हर्नर सर जेम्स टेलर वारले आणि खुर्ची रिकामी झाली. बँकेच्या मध्यवर्ती मंडळाला देशमुख हवे होते, पण एका भारतीयाला तिथे बसवायचे की नाही यात सहा महिने गेले. अखेर ११ ऑगस्ट १९४३ रोजी, वयाच्या ४७ व्या वर्षी, ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले.

त्यांच्यासमोरचा मोठा प्रश्न समजून घेतल्याशिवाय पुढचे काही समजत नाही. युद्धासाठी ब्रिटिश सरकार भारतात धान्य, कापड, ताग, चामडे असे जे मिळेल ते खरेदी करत होते. शेतकऱ्याला आणि गिरणीला पैसे रुपयांत द्यावे लागत, पण ब्रिटन भारताला रुपये देत नव्हते. त्या रकमेचे पौंड लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या खात्यावर जमा दाखवले जात. त्या जमेच्या आधारावर बँक इथे नोटा छापे. म्हणजे माल लगेच गेला, नोटा लगेच आल्या आणि मोबदला मात्र लंडनच्या वहीत अडकून राहिला. गावच्या दुकानदाराने सगळा माल उधारीवर उचलू द्यावा आणि वर गिऱ्हाइकानेच वही आपल्याजवळ ठेवावी, असा हा व्यवहार.

युद्धकाळात चलनातल्या नोटा पाच पटींहून जास्त वाढल्या. बाजारात माल तेवढाच, किंबहुना कमी. भाव कडाडले. १९४३ मध्ये बंगालमध्ये दुष्काळ पडला आणि सुमारे ३० लाख माणसे मेली. या दुष्काळामागे इतरही कारणे होती, पण युद्धखर्चाची महागाई हे त्यांतले एक मोठे कारण होते. त्या महागाईच्या नोटांवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची सही असे. देशमुखांना हे कळत नव्हते असे नाही. पण युद्धखर्च रोखण्याचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता.

या हिशेबाची दुसरी बाजू अशी की युद्धापूर्वी भारत ब्रिटनचा कर्जदार होता. ते जुने पौंडातले कर्ज याच रकमेतून फिटले आणि भारत उलट धनको झाला. १९४६ च्या सुमारास लंडनकडची येणी १३० कोटी पौंडांपर्यंत, म्हणजे त्या वेळच्या दराने १,७०० कोटी रुपयांच्या वर गेली. दरम्यान ब्रिटनमध्ये ही देणी कमी करून घ्यावीत, भारतानेही युद्धाचा भार उचलावा, असा सूर वाढत होता.

ब्रेटन वुड्समध्ये काय घडले?

१ ते २२ जुलै १९४४ या काळात न्यू हॅम्पशायरमधल्या माउंट वॉशिंग्टन हॉटेलात ४४ देशांचे प्रतिनिधी जमले. युद्धानंतर देशांनी चलनांचे दर मनमानी पाडू नयेत, अडचणीतल्या देशाला परकीय चलन मिळावे आणि उद्ध्वस्त देशांना बांधणीसाठी कर्ज मिळावे, यासाठी दोन संस्था उभ्या करायच्या होत्या. त्यातून आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक जन्मली. मसुदा मुख्यतः अमेरिकेचे हॅरी डेक्स्टर व्हाइट आणि ब्रिटनचे जॉन मेनार्ड केन्स यांचा. बाकीच्यांनी त्यात दुरुस्त्या सुचवायच्या.

भारताच्या शिष्टमंडळाचे नेते होते व्हाइसरॉयच्या मंडळातले वित्त सदस्य सर जेरेमी रेझमन. दुसरे इंग्रज सरकारचे आर्थिक सल्लागार सर थिओडोर ग्रेगरी. भारतीय तिघे : देशमुख, पुढे स्वतंत्र भारताचे पहिले अर्थमंत्री झालेले षण्मुखम चेट्टी आणि मुंबईचे अर्धेशिर श्रॉफ, जे त्याच वर्षीच्या बॉम्बे प्लॅनचे एक कर्ते. गुलाम देशाचे शिष्टमंडळ आणि त्याचा नेता राज्यकर्त्यांपैकी एक, ही विसंगती उघड होती. तरी रेझमन यांनी तिथे भारताची बाजू सोडली नाही, हेही नोंदवायला हवे.

भारताच्या मागण्या तीन होत्या. पहिली कोट्याची. नाणेनिधीत प्रत्येक देश ठरलेली रक्कम भरतो, तिला कोटा म्हणतात. जितका कोटा मोठा तितकी मते जास्त आणि अडचणीत उचलता येणारी रक्कमही जास्त. शिवाय सर्वांत मोठ्या पाच कोट्यांच्या देशांना कार्यकारी मंडळावर आपला संचालक थेट नेमता येणार होता. कागदावर हे सगळे राष्ट्रीय उत्पन्न, सोन्याचा साठा, परदेशी व्यापार अशा आकड्यांच्या सूत्रावरून ठरणार होते. प्रत्यक्षात काय झाले ते सूत्र मांडणारे अमेरिकी अर्थतज्ज्ञ रेमंड माइकसेल यांनी पुढे स्वतःच सांगून टाकले. आधी वरिष्ठांनी उत्तर दिले होते : अमेरिका पहिली, ब्रिटन तिच्या निम्म्याच्या आसपास, मग सोव्हिएत रशिया, मग चीन. त्या उत्तराला जुळेल असे सूत्र त्यांनी बसवले. शाळेतल्या मुलाने शेवटचे पान बघून गणित सोडवावे तसे.

अखेर ठरलेले आकडे असे होते. अमेरिका २७५ कोटी डॉलर, ब्रिटन १३०, रशिया १२०, चीन ५५, फ्रान्स ४५ आणि भारत ४० कोटी. म्हणजे भारत सहावा. थेट नेमणुकीच्या पंगतीतून एका पानाने बाहेर. फ्रान्स तेव्हा जर्मनांच्या तावडीतून पुरता सुटलाही नव्हता. चीनला वर ठेवायचे हे अमेरिकेने राजकारणासाठी ठरवले होते. लोकसंख्येने मोजायचे तर अखंड भारताचा कोटा माणशी जेमतेम एक डॉलर आणि ब्रिटनचा पंचवीस डॉलरच्या पुढे. सुरुवातीला भारताच्या नावापुढे याहून लहान आकडा होता. तो चाळिसापर्यंत आणण्यात शिष्टमंडळाची बरीच शक्ती खर्ची पडली.

दुसरी मागणी लंडनकडच्या येण्यांची. त्यांचा काही भाग तरी नाणेनिधीमार्फत डॉलरमध्ये बदलून मिळावा, म्हणजे युद्धानंतर यंत्रे घेता येतील, असे भारताचे म्हणणे. श्रॉफ यांनी ते सभेत जोरात मांडले. खात्यात दहा लाख असूनही टॅक्सीच्या भाड्याला सुटे पैसे नाहीत अशा माणसासारखी आमची गत झाली आहे, असा त्यांचा रोख होता. इजिप्तची येणीही लंडनकडे अशीच अडकलेली, त्यामुळे त्यांची साथ मिळाली. पण ब्रिटन, अमेरिका आणि फ्रान्स विरोधात गेले. केन्स यांनी भारताच्या संयमाचे आभार मानले, ब्रिटन हे देणे सन्मानाने फेडेल असे सांगितले आणि हा दोन देशांमधला मामला आहे म्हणून विषय परिषदेबाहेर ठेवला.

इथे दुसऱ्या बाजूचाही हिशेब पाहिला पाहिजे. ब्रिटनची अशी सर्व देशांकडची देणी मिळून नाणेनिधीच्या एकूण ८८० कोटी डॉलरच्या भांडवलापेक्षा जास्त होती. ती सगळी निधीवर टाकली असती तर निधी पहिल्याच वर्षी रिता झाला असता. अडचण खरी होती. पण ती अडचण ज्यांनी माल दिला त्यांच्याच गळ्यात का बांधायची, याचे उत्तर परिषदेने दिले नाही.

तिसरी मागणी शब्दांची होती, आणि तीच कदाचित सर्वांत दूरवरची. निधीच्या उद्देशांत मागास देशांच्या साधनसंपत्तीच्या विकासाला मदत करणे हे स्पष्ट लिहावे, अशी दुरुस्ती भारताने मांडली. मोठ्या देशांचे म्हणणे असे की निधी चलनासाठी आहे, विकासासाठी नाही. अखेर निधीच्या कलमात सर्व सदस्य देशांच्या उत्पादक साधनांच्या विकासाचा उल्लेख आला, मागास देशांचा वेगळा उल्लेख मात्र नाही. जागतिक बँकेच्या उद्देशांत कमी विकसित देशांचा विकास हे शब्द आले.

तीन मागण्यांपैकी एक नाकारली गेली, एक अर्धीमुर्धी मिळाली आणि एक थोडक्यात हुकली. मग नशीब आडवे आले ते भारताच्या बाजूने. शीतयुद्धाची चाहूल लागली होती. रशियाने १९४५ च्या अखेरपर्यंत करार मंजूर केलाच नाही. एक जागा रिकामी झाली आणि भारत आपोआप पहिल्या पाचांत आला. दोन दशकांहून जास्त काळ त्याला आपला संचालक थेट नेमता आला.

गंमत अशी की भारताने या संस्थांत जायचे हेही भारतीयांना विचारून ठरले नव्हते. मुदत संपत आली म्हणून डिसेंबर १९४५ मध्ये सरकारने अध्यादेश काढला आणि कायदेमंडळात चर्चा त्यानंतर झाली.

पौंडांचे पुढे काय झाले?

मार्च १९४६ मध्ये अमेरिकेतल्या सव्हाना इथे दोन्ही संस्थांच्या गव्हर्नर मंडळांची पहिली बैठक झाली. भारताचे गव्हर्नर म्हणून देशमुख गेले. मुख्यालय न्यूयॉर्कला असावे, अमेरिकी सरकारच्या दारात नको, असे केन्स यांचे म्हणणे. अमेरिकेने वॉशिंग्टन ठरवले आणि तेच झाले. ब्रेटन वुड्सला भारताला जो अनुभव आला, तो दीड वर्षाने ब्रिटनच्या वाट्याला आला. केन्स पुढच्याच महिन्यात वारले.

येण्यांची बोलणी १९४७ पासून चालली. त्याआधी अमेरिकेकडून कर्ज घेताना ब्रिटनने ही देणी अंशतः कमी करून घेण्याचा प्रयत्न करण्याचे लिहून दिले होते. भारताने सूट द्यायला नकार दिला आणि थेट सूट दिली गेलीही नाही. पण १९४८ च्या करारात ब्रिटिश फौजांनी इथे सोडलेल्या सामानाचे १० कोटी पौंड आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या निवृत्तिवेतनापोटी जवळपास १६.८ कोटी पौंड त्यातून वळते झाले. मग सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंडाचे अवमूल्यन केले. उरलेल्या येण्यांची डॉलरमधली किंमत एका दिवसात ३० टक्क्यांनी घटली. सन्मानाने फेडण्याच्या वचनात हे बसते का, यावर मतभेद होऊ शकतात. ज्यांच्या घरचे धान्य गेले त्यांच्यापर्यंत त्या वहीतली रक्कम मात्र कधीच पोहोचणार नव्हती.

मधल्या काळात फाळणी झाली. जून १९४८ अखेरपर्यंत रिझर्व्ह बँकच पाकिस्तानचीही मध्यवर्ती बँक होती; दोन्ही देशांत युद्ध चालू आणि दोन्हींचे खाते एकाच माणसाच्या हाती, असा तो काळ. १ जानेवारी १९४९ रोजी बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले. ३० जूनला देशमुख गव्हर्नरपदावरून उतरले. त्याच ऑगस्टमध्ये जागतिक बँकेने भारताला पहिले कर्ज दिले, रेल्वेसाठी ३ कोटी ४० लाख डॉलर. आशियातल्या कोणत्याही देशाला मिळालेले ते पहिले. ज्या देशाचे शेकडो कोटी लंडनच्या वहीत होते तो वॉशिंग्टनमध्ये कर्जाच्या रांगेत उभा होता.

१९५० च्या एप्रिलच्या सुमारास देशमुख नियोजन आयोगात आले आणि जूनमध्ये जॉन मथाई यांच्यानंतर अर्थमंत्री झाले. त्याच सप्टेंबरात पॅरिसला नाणेनिधी आणि जागतिक बँकेच्या गव्हर्नरांची वार्षिक सभा भरली, तिचे अध्यक्ष देशमुख होते. सहा वर्षांपूर्वी परक्या नेत्याच्या मागे बसलेला माणूस आता स्वतंत्र देशाचा मंत्री म्हणून अध्यक्षाच्या खुर्चीत होता. मानाचीच गोष्ट, पण मतांचे वजन होते तिथेच राहिले.

राजीनामा : त्याच प्रश्नाची मुंबईतली आवृत्ती

अर्थमंत्री म्हणून त्यांची सहा वर्षे गाजली. पहिली पंचवार्षिक योजना, इम्पीरियल बँकेची स्टेट बँक (१ जुलै १९५५), आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण (जानेवारी १९५६). १९५२ मध्ये ते कुलाबा जिल्ह्यातून, म्हणजे आपल्याच मुलखातून, लोकसभेवर गेले. पहिली पत्नी रोझिना १९४९ मध्ये वारली होती. २२ जानेवारी १९५३ रोजी त्यांनी नियोजन आयोगातल्या सहकारी दुर्गाबाई यांच्याशी नोंदणी विवाह केला; साक्षीदारांत खुद्द पंतप्रधान नेहरू होते.

त्याच नेहरूंशी तीन वर्षांनी त्यांचे फाटले. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली. शहर पेटले, गोळीबारात माणसे मेली. देशमुखांनी राजीनामा पाठवला. तो मंजूर व्हायला जुलै उजाडला. लोकसभेत केलेल्या निवेदनात त्यांनी दोन गोष्टींवर बोट ठेवले. गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली, ही एक. दुसरी पद्धतीची : मुंबईबद्दलचा निर्णय मंत्रिमंडळात नीट चर्चेला न येताच जाहीर केला गेला. नेहरूंना हा आरोप मान्य नव्हता.

मराठी माणसाला हा राजीनामा मुंबईसाठी दिलेला म्हणून आठवतो, आणि तो तसा होताच. पण देशमुखांच्या निवेदनात भाषेइतकाच जोर रीतीवर आहे. निर्णय कुठे झाला, कोणासमोर झाला, ज्यांच्यावर तो लादला जाणार त्यांना बोलायची संधी मिळाली का? परक्यांच्या परिषदेत जे पटले नव्हते ते आपल्याच मंत्रिमंडळात घडलेले त्यांना चालले नाही. ब्रेटन वुड्सहून उठून जाणे त्यांच्या हातात नव्हते. इथे होते.

नंतरची वर्षे

विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद, मग १९६२ ते १९६७ दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद, इंडिया इंटरनॅशनल सेंटरची उभारणी, भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्षपद. १९५९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी मंत्र्यांवरच्या भ्रष्टाचाराच्या तक्रारी तपासायला स्वतंत्र, उच्चस्तरीय न्यायाधिकरण हवे अशी मागणी त्यांनी केली. सरकारने ती मान्य केली नाही. १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाच्या पाठिंब्याने उभे राहिले आणि तिसरे आले. संस्कृतचा नाद मात्र शेवटपर्यंत होता. कालिदासाचे मेघदूत त्यांनी मराठी पद्यात आणले आणि गांधीजींची वचने संस्कृत श्लोकांत बांधली. १९७५ मध्ये त्यांना आणि दुर्गाबाईंना एकाच वर्षी पद्मविभूषण मिळाले. दुर्गाबाई मे १९८१ मध्ये गेल्या. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादला देशमुखांचे निधन झाले.

आज भारताचे वजन किती?

१९४४ मध्ये नाणेनिधीच्या एकूण कोट्यात भारताचा वाटा साधारण साडेचार टक्के होता, तोही पारतंत्र्यात. आज तो पावणेतीन टक्के आहे. अर्थव्यवस्था जगातल्या पहिल्या पाच-सहांत आली, तरी कोट्याच्या यादीत भारत आठवा. चीन साडेसहा टक्क्यांच्या आत. अमेरिकेची मते साडेसोळा टक्के आहेत आणि मोठ्या निर्णयांना ८५ टक्के मते लागतात. म्हणजे अमेरिका नको म्हणाली तर विषय संपला. डिसेंबर २०२३ मध्ये कोटे ५० टक्क्यांनी वाढवण्याचे ठरले, पण सगळ्यांचे सारख्याच प्रमाणात. म्हणजे वाढ फक्त रकमेत, वाटे तेच. नाणेनिधीचा प्रमुख आजवर युरोपीय आणि जागतिक बँकेचा अध्यक्ष अमेरिकेने सुचवलेला, ही अलिखित वहिवाट अजून मोडलेली नाही. बँकेचे सध्याचे अध्यक्ष अजय बंगा यांचा जन्म पुण्याजवळच्या खडकीचा. पण ते त्या खुर्चीत बसले ते अमेरिकेचे नागरिक आणि अमेरिकेचे उमेदवार म्हणून.

पैशासाठी दोन संस्था झाल्या, तशी व्यापारासाठी तिसरी असावी असे ब्रेटन वुड्सलाच बोलले गेले होते. ती लगेच जमली नाही. १९४७ मध्ये २३ देशांनी केलेला गॅट करार, ज्यात भारत पहिल्यापासून होता, आणि १९९५ पासूनची जागतिक व्यापार संघटना ही त्याची वाट. इथे एका देशाला एक मत आहे, कोटा नाही. कागदावर तरी हे जास्त न्याय्य. उसाच्या खटल्यातही समोर ब्राझील आणि ग्वाटेमाला होते, त्यांना श्रीमंतांच्या रांगेत बसवता येत नाही; त्यांच्या ऊस उत्पादकांनाही भारताच्या स्वस्त साखरेची झळ बसते. नियम पाळायचे तर सगळ्यांनीच, हा त्यांचा मुद्दा सहज उडवून लावण्यासारखा नाही.

निकाल विरुद्ध गेल्यावर भारताने काही दिवसांतच अपील केले. पण अपील ऐकणाऱ्या मंडळात सात न्यायाधीश असायला हवेत आणि तिथे आज एकही नाही. हे मंडळ अधिकाराबाहेर जाऊन निकाल देते, असे म्हणत अमेरिकेने नव्या नेमणुका अडवून धरल्या. डिसेंबर २०१९ पासून गणपूर्ती होत नाही; शेवटच्या सदस्याची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली. त्यामुळे अपील दाखल आहे, सुनावणी नाही, आणि सुनावणी नाही म्हणून मूळ निकालही लागू होत नाही. भारताला तूर्त हे सोयीचे आहे. उद्या दुसऱ्या कुणी भारताच्या मालावर बंधन घातले आणि भारत जिंकला, तर समोरच्यालाही हीच पळवाट मोकळी असेल.

तोवर मांडवगण फराट्यातल्या उसाची एफआरपी दिल्लीत ठरते आहे, कारखान्याच्या काट्यावर वजन होते आहे आणि जिनिव्हातल्या त्या सात खुर्च्या रिकाम्या आहेत.